कानात दडे बसलेत म्हणून थांबू नका: वाचकांचे प्रश्न, कानाच्या डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात पावसाळ्यात कानात होणाऱ्या बुरशीवर लिहिलं, त्यावर तुमचे भरपूर मेसेज आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न बुरशीचा नव्हताच. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय, ताप येऊन गेला होता, त्यामुळे झालं का, असं विचारणारे खूप. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय.

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातला, भजन करतो, वय 46. चवथीच्या तोंडावर घरात सगळ्यांना व्हायरल झाला, मलाही झाला, चार दिवसांत बरा झालो. त्यानंतर आठवड्याभराने सकाळी उठलो तर डावा कान बंद, दडे बसल्यासारखं, आणि आत सतत शीं शीं आवाज. बायकोला म्हटलं, डाव्या कानान काय ऐकाक येणा नाय, ती म्हणाली सर्दीचं असेल. गावातल्या डॉक्टरांनी पण सर्दीच्या गोळ्या आणि ड्रॉप दिले, त्यात आठ-नऊ दिवस गेले. मग पेटीवर बसलो तर काळी चारचा एकच सूर दोन कानांत वेगवेगळा वाजतोय असं वाटायला लागलं आणि मी घाबरलो. कणकवलीला ऑडिओग्राम (ऐकण्याच्या टेस्टचा कागद) काढला, सोबत फोटो पाठवतोय. तिथे सांगितलं की नस गेली, व्हायरलमुळे असेल. खरंच व्हायरसने कान जातो का? व्हायरसवरची काही गोळी आहे का? आणि मी परत बारीला (भजनाच्या सामन्याला) बसू शकेन का?

उत्तर : बुवा, तुमचा मेसेज संपादकांनी मला लगेच पाठवला आणि अंक निघायची वाट न बघता त्याच दिवशी आपलं फोनवर बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी तुमचे उपचार सुरू पण झाले. त्यामुळे हे उत्तर मी तुमच्या परवानगीने बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण तुमच्यासारखे आठ-नऊ दिवस आपल्याकडे बहुतेकांचे जातात आणि ते जायला नकोत असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या ऑडिओग्रामच्या फोटोपासून सुरुवात करू. त्या कागदावर लाल गोल असतात तो उजवा कान आणि निळ्या फुल्या असतात तो डावा. खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. तुमचे लाल गोल वर एका ओळीत छान बसलेत, म्हणजे उजवा कान नॉर्मल. निळ्या फुल्या मात्र 60 डेसिबलच्या आसपास सुरू होऊन बारीक, उंच आवाजांकडे अजून खाली उतरत गेल्यात. हेडफोन लावून एक टेस्ट करतात आणि कानामागच्या हाडावर मशीन टेकवून दुसरी. मळ असेल, पडद्यामागे सर्दीचं पाणी असेल, तर हाडावरची रेघ वरच राहते आणि फक्त हेडफोनची खाली येते, कारण नस चांगली असते, वाटेत काहीतरी अडकलेलं असतं. तुमच्या कागदावर दोन्ही रेघा एकत्र खाली आल्यात, म्हणजे बिघाड आतल्या कानात आहे. तीन दिवसांच्या, म्हणजे 72 तासांच्या आत असं झालं आणि लागोपाठच्या 3 फ्रिक्वेन्सींना (आवाजाच्या पट्ट्यांना) निदान 30 डेसिबलने ऐकणं उतरलं, की आम्ही त्याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, म्हणजे अचानक आलेला नसेचा बहिरेपणा, म्हणतो. बहुतेक वेळा एकाच कानाला होतं, आणि बहुतेकांना तुमच्यासारखंच सकाळी उठल्यावर किंवा फोन त्या कानाला लावल्यावर कळतं. अमेरिकेतला अंदाज वर्षाला दर लाखामागे 5 ते 27 माणसांचा आहे, म्हणजे दुर्मिळ नक्कीच, पण आपल्या दोन-तीन तालुक्यांत मिळून दरवर्षी कोणाला ना कोणाला होतच असणार.

आता व्हायरसचं. होय, व्हायरसने कान जाऊ शकतो, काही व्हायरसबद्दल तर शंकाच नाही. गालगुंडाने जातो, गोवराने जातो, आणि कांजिण्यांचा जो व्हायरस वर्षानुवर्षं नसांच्या गाठीत झोपून राहतो तो कानाजवळ परत उठला की कानाची नागीण होते, त्यात कानाच्या पाळीवर किंवा भोकात फोड येतात, भयंकर दुखतं, बरेचदा त्या बाजूचं तोंड वाकडं होतं आणि ऐकणं पण जातं. पण तुमच्यासारखी केस, जिथे साधा ताप-सर्दी येऊन गेली आणि मग कान गेला, तिथे व्हायरसचा संशय घेता येतो, त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. का ते सांगते. आतला कान शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडात बसवलेला आहे, त्यात अडीच वेढ्यांचा शंख, शंखात पाणी, आणि त्या पाण्यात जन्मतः साधारण 15,000 केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी. जिवंत माणसाच्या त्या शंखातून तुकडा काढून तपासता येत नाही, काढायला गेलं तर उरलंसुरलं ऐकणं पण जाईल. म्हणून पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. बोस्टनचे हॅरोल्ड शुकनेख्ट या डॉक्टरांनी अचानक कान गेलेल्या माणसांच्या कानाची हाडं त्यांच्या मृत्यूनंतर मायक्रोस्कोपखाली तपासली, तेव्हा केसपेशी आणि आजूबाजूची नाजूक रचना जशी खराब झालेली दिसली ती गालगुंड-गोवराने बहिऱ्या झालेल्या कानांशी बरीच जुळणारी होती. हा व्हायरसच्या बाजूचा मोठा पुरावा. दुसऱ्या बाजूला असं आहे की आतल्या कानाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी एकच, बारीक, तिला पर्यायी वाट नाही, तिथे गुठळी अडकली तरी कान असाच एका रात्रीत जातो. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच कानावर गेली तरी जातो. आणि ताप-सर्दी काय, पावसाळ्यात आपल्याकडे घरटी असतेच, ती आधी झाली म्हणून तिनेच कान नेला असं म्हणता येत नाही. सगळ्या तपासण्या करूनही साधारण 10 पैकी 9 जणांत नेमकं कारण सापडत नाही. म्हणून कणकवलीत तुम्हाला 'व्हायरलमुळे असेल' असं सांगितलं त्यातला 'असेल' महत्त्वाचा.

मग व्हायरसवरची गोळी का नाही? हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अ‍ॅसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या या आजारात देऊन बघितल्या गेल्यात. 2012 साली कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा 4 चाचण्या एकत्र तपासल्या, स्टिरॉइडसोबत व्हायरसची गोळी घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला असं काही दिसलं नाही. म्हणून आम्ही सरसकट देत नाही. कानाची नागीण असेल तर मात्र देतो, आणि लवकर देतो, म्हणून कानावर फोड असतील, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटत असेल तर ते पहिल्या वाक्यात डॉक्टरांना सांगा.

साध्या केसमध्ये पहिला उपचार स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन, वजनाप्रमाणे, बऱ्यापैकी मोठ्या डोसमध्ये, दहा-चौदा दिवस आणि मग हळूहळू कमी करत. हा डोस डॉक्टरने ठरवायचा असतो, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची ही गोळी नाही, आणि मधेच बंद पण करायची नाही. स्टिरॉइड सूज उतरवतं, मग ती सूज व्हायरसने आलेली असो की दुसऱ्या कशाने. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्टिरॉइडने प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, त्याच्या अभ्यासांतही मतभेद आहेत. औषध न घेता पण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं ऐकणं थोडंफार परत येतं, ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. पण कोणाचं आपोआप येणार आणि कोणाचं नाही हे आधी ओळखता येत नाही, आणि औषध द्यायची खिडकी पहिल्या दोन आठवड्यांची आहे, उशीर होईल तसा फायदा कमी होत जातो. म्हणूनच मी म्हणतेय की हा कान एका-दोन दिवसांत तपासायला हवा, आठ दिवसांनी नाही.

गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून बारीक सुईने स्टिरॉइड थेट मधल्या कानात सोडता येतं. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण पडदा आधी बधिर करतात, मग कुशीवर कान वर करून अर्धा तास पडून राहायचं आणि त्या वेळात बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. तुमच्यासाठी ती वेळ आली तर मी सांगेनच. एमआरआय मात्र करून घ्या, सगळं ऐकू आलं तरी करा, कारण अशा थोड्या पेशंटमध्ये कानाच्या नसेवर छोटी गाठ निघते. ती कॅन्सरची नसते, पण माहीत असलेली बरी. मेंदूचा साधा सीटी स्कॅन या कामाचा नाही, त्यावर पैसे घालू नका.

काळी चारचं सांगते. दोन कानांना एकच सूर वेगवेगळा ऐकू येणं हे आतल्या कानाच्या बिघाडाचंच लक्षण आहे, शंखाच्या ज्या भागात तो सूर टिपला जातो तिथल्या पेशी दुखावल्या की सूर सरकतो. तुमचा गळा किंवा सुराची जाण बिघडलेली नाही, हे नक्की समजा. बरेचदा ऐकणं सुधारतं तसं हे पण कमी होतं. तोपर्यंत बारीत बसताना पेटी आणि तबला उजव्या हाताला घ्या, स्पीकर डाव्या कानाजवळ नको, आणि मोठ्याने वाजणाऱ्या ठिकाणी दोन्ही कान जपा. चक्कर तुम्हाला आली नाही ही चांगली गोष्ट, ज्यांना सोबत गरगरतं त्यांचं ऐकणं परत यायला जास्त कठीण जातं. तुमची दुसरी टेस्ट या महिन्याच्या शेवटी आहे, ती चुकवू नका.

प्रश्न : माझे मिस्टर हर्णैला बोटीवर असतात, वय 55, शुगर आहे. परवा बंदरावरून आले आणि म्हणाले एका कानाने लिलावातलं काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी स्टिरॉइड सांगितलंय, पण सगळे म्हणतात शुगरवाल्याने स्टिरॉइड घेतलं की संपलं. घरातले गावदेवीला गाऱ्हाणं घालू म्हणतायत. काय करू?

उत्तर : ताई, गाऱ्हाणं घाला, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण गोळ्या आजच सुरू करा. तुमचे मिस्टर तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले हे फार चांगलं झालं, ती वेळ आता भीतीपोटी घालवू नका.

स्टिरॉइडने शुगर वाढते हे खरं आहे, जास्त करून दुपारनंतर आणि संध्याकाळी वाढते, सकाळची उपाशीपोटी नॉर्मल दिसली म्हणून निश्चिंत राहायचं नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी शुगरचे डॉक्टर गोळ्या वाढवून किंवा थोडे दिवस इन्सुलिन देऊन ती आटोक्यात ठेवतात. घरात ग्लुकोमीटर आणा, दुपारी जेवल्यानंतर दोन तासांनी आणि रात्री तपासा, आकडे वहीत लिहा. शुगर आधीच 300च्या घरात असेल, पोटात अल्सर असेल, काचबिंदू असेल, तर डॉक्टर सुरुवातीलाच गोळ्यांऐवजी पडद्यातून इंजेक्शन देऊ शकतात, त्यात औषध कानातच राहतं, रक्तात फार जात नाही. हा पर्याय तुम्ही स्वतः विचारा. आणि थोडे दिवस त्यांना बोटीवर पाठवू नका, एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, इंजिनच्या आवाजात हाक मारलेली ऐकू येत नाही, त्यात चक्कर असेल तर समुद्रात ते धोक्याचं आहे.

प्रश्न : कानात कोमट खोबरेल तेल लसूण घालून सोडलं तर दडे सुटतात असं आमच्याकडे करतात. अचानक कान बंद झाला तर आधी हे करून बघावं का? (गुहागर)

उत्तर : नको. पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं, आणि आपल्या दमट हवेत तेलावर बुरशी मस्त वाढते. त्यापेक्षा एक मिनिटाची टेस्ट करा. तोंड मिटून 'म्' असा गुणगुणत राहा. आता नीट लक्ष द्या, आवाज कुठल्या कानात जास्त घुमतोय? बंद पडलेल्या कानात घुमत असेल तर बहुतेक मळ किंवा सर्दीचं पाणी आहे. चांगल्या कानाकडे जात असेल तर नसेचा संशय घ्या आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे निघा. खात्री करायची असेल तर चांगल्या माणसाने एक कान बोटाने बंद करून गुणगुणून बघावं, आवाज बंद केलेल्या कानात जातो, तसंच मळाने बंद झालेल्या कानाचं होतं. दवाखान्यात आम्ही 512 हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळावर टेकवून हेच बघतो. घरची टेस्ट ऑडिओग्रामची जागा घेत नाही, पण निघायचं की थांबायचं हे ठरवायला पुरते.

प्रश्न : माझी मुलगी 7 वर्षांची. मोबाइल डाव्या कानाला लावला की लगेच उजव्या कानाला घेते हे माझ्या लक्षात आलं, तपासलं तर डावा कान जवळपास पूर्ण गेलेला निघाला. 4 वर्षांची असताना तिला गालगुंड झालं होतं, तेव्हा गालाला लेप लावला आणि बरी झाली. त्यामुळे झालं असेल का? आता धाकटा 1 वर्षाचा आहे. (रत्नागिरी)

उत्तर : आई म्हणून तुम्हाला किती लागलं असेल हे समजतं, आणि आधी हे सांगते की तुम्ही काही दुर्लक्ष केलेलं नाही. गालगुंडात गेलेला कान लहान मुलाचा असेल तर तेव्हा कळत नाही, मूल सांगत नाही, दुसऱ्या कानावर सगळं निभावतं. गालगुंडाने कान जाणं ही ओळखीची गोष्ट आहे, बहुतेक एकच कान, बहुतेक पूर्ण आणि कायमचा, आणि गाल फार सुजले नव्हते तरी होऊ शकतं. तुमच्या मुलीचा तसाच गेला असण्याची शक्यता मोठी आहे, पण जन्मापासून एक कान कमकुवत असणारी मुलं पण याच वयात लक्षात येतात, म्हणून डॉक्टरांना एकदा स्कॅनचं विचारा. जपानमध्ये गालगुंडाची लस ऐच्छिक आहे, तिथे 2015 आणि 2016 या दोन वर्षांत साथ आली तेव्हा गालगुंडाने कान गेलेले तीनशेहून जास्त लोक पाहणीत सापडले.

आपल्याकडे सरकारी लसीकरणात एमआर मिळते, त्यात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआर खाजगीत विकत घ्यावी लागते, बालरोगतज्ज्ञांची संघटना ती 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं अशी तीनदा सांगते. धाकट्याचं कार्ड काढून बघा, एमआर लिहिलंय की एमएमआर, आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ही लस सरकारी कार्यक्रमात यावी असं माझं स्पष्ट मत आहे, ज्या घराला ती परवडत नाही त्या घरातल्या मुलाचा कान काही कमी मोलाचा नाही.

मुलीला वर्गात पुढे बसवा, आणि डाव्या बाजूच्या रांगेत, म्हणजे तिचा उजवा कान वर्गाकडे राहील. बाईंना लेखी कळवा. रस्ता ओलांडताना ती फक्त कानावर विसंबू शकत नाही, तिला दोन्हीकडे मान वळवून बघायची सवय लावा. उजव्या कानाला साधं इन्फेक्शन झालं तरी लगेच दाखवायचं.

प्रश्न : गायिका अलका याज्ञिक यांना असंच झालं ते वाचलं. मी चिपळूणला कॉलेजला आहे, दिवसभर इअरफोन असतात. मला पण होईल का? कोविडमुळे पण होतं म्हणतात ते खरं का?

उत्तर : अलकाजींनी जून 2024 मध्ये इन्स्टाग्रामवर स्वतःच लिहिलं होतं की विमानातून उतरल्यावर अचानक काही ऐकू येईना आणि डॉक्टरांनी व्हायरल हल्ल्यामुळे नसेचा बहिरेपणा आल्याचं निदान केलं. त्याच पोस्टमध्ये त्यांनी तरुणांना मोठा आवाज आणि हेडफोनपासून जपायला सांगितलं, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं. इअरफोनने होणारं नुकसान सहसा हळूहळू, वर्षानुवर्षं साचत जातं आणि दोन्ही कानांचं होतं, ते वेगळं. पण त्यात गेलेलं ऐकणं परत येत नाही, केसपेशी मेली की माणसात नवी उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला 40 तास 80 डेसिबलपर्यंतचा आहे, आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी. विसर्जनाच्या डीजेसमोर किंवा शिमग्यात ढोलांच्या मधोमध नाचून कानात शिट्टी वाजायला लागली आणि दोन दिवसांत गेली नाही तर तपासून घे. कोविडनंतर कान गेल्याचे पेशंट नोंदले गेलेत, पण कोविडने असे पेशंट वाढले असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही.

प्रश्न : माझा कान जाऊन वर्ष होत आलं, उपचार केलेच नाहीत कारण मुंबईला जाणं जमलं नाही. आता काही होईल का? वय 62. (वेंगुर्ले)

उत्तर : काका, वर्षानंतर स्टिरॉइडचा किंवा प्रेशर चेंबरमधल्या ऑक्सिजनचा उपयोग नाही, कोणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. ऐकणं परत आणता आलं नाही तरी त्रास कमी करता येतो. त्या कानात थोडं ऐकू शिल्लक असेल तर साधं मशीन ट्रायलला घेऊन बघा. पूर्णच गेला असेल तर क्रॉस नावाचं मशीन मिळतं, गेलेल्या कानावर माइक आणि चांगल्या कानावर रिसीव्हर, डावीकडून बोललेलं उजवीकडे पोचवतं. विकत घ्यायच्या आधी आठवडाभर घरी वापरून बघायला मागा, बाजारात, देवळात, एसटीत, कारण दुकानाच्या शांत खोलीत सगळीच मशीनं चांगली वाटतात. कानातला आवाज झोपू देत नसेल तर रात्री पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवा, पूर्ण शांततेत तो जास्त जाणवतो.

आणि मुंबईला कधी मुलांकडे गेलात तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाक् आणि श्रवण दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे तपासणी आणि मशीनचा सल्ला मिळतो. जाताना जुना ऑडिओग्राम असेल तर सोबत घ्या, शुगर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्या, आणि चांगल्या कानाची टेस्ट पण नव्याने करून मागा.